कदवार उभी राहिलेली तुकडी : लष्करच्या एका कन्या शाळेतल्या एनसीसीचं प्रकरण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मराठी मंडळींनी काढलेली एक कन्या शाळा. तिथे एनसीसीच्या ज्युनिअर विंगची ५० मुलींची तुकडी आहे, आठवी आणि नववीच्या मुली जवळपास निम्म्या-निम्म्या. शनिवारी परेड, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला ध्वजवंदन, ऑफिसातल्या कपाटात कवायतीच्या दोन ढाली. बाहेरून बघणाऱ्याला खोट सापडली नसती. ती दिसली जानेवारीत, दोन वर्षांच्या शेवटी होणाऱ्या 'ए' सर्टिफिकेटच्या परीक्षेसाठी नावं पाठवायची वेळ आली तेव्हा. त्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी आणि एक शिबिर लागतं. नववीच्या २४ मुलींपैकी ९ जणींची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली होती आणि आणखी ३ जणी एकाही शिबिराला गेलेल्या नव्हत्या. दोन वर्षं खाकी घालून निम्म्या मुली रिकाम्या हाताने बाहेर पडणार होत्या.

शाळेचं नाव दिलेलं नाही, कारण ही एकच शाळा नाही. अशा तुकड्यांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी इथे एका तुकडीत बांधल्या आहेत आणि आकडे त्याच अंदाजाने धरले आहेत. नियम आणि कामाच्या पद्धती मात्र जशाच्या तशा.

पार्श्वभूमी थोडक्यात. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९४८च्या कायद्याने एनसीसी उभी राहिली आणि मुलींची शाखा १९४९मध्ये सुरू झाली. ज्युनिअर गटाचं शिक्षण दोन वर्षांचं असतं. आठवीत भरती झाली की दहावीच्या बोर्डाआधी मुलगी मोकळी होते, म्हणून शाळा आठवीच धरतात. कॅडेट झाल्याने पुढे फौजेत जाण्याचं कोणतंही बंधन येत नाही. हे पहिल्याच पालकसभेत स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर आजी घरी बसून नाव कापते.

तुकडी चालवते शाळेतलीच एक शिक्षिका. तिला एएनओ, म्हणजे असोसिएट एनसीसी ऑफिसर, म्हणतात. कवायत आणि शस्त्रांचे तास घ्यायला बटालियनकडून हवालदार किंवा सुभेदार येतात, त्यांना सगळे 'उस्ताद' म्हणतात. एएनओ होणाऱ्या पुरुष शिक्षकांचं प्रशिक्षण नागपूरजवळ कामठीला होतं आणि महिलांचं ग्वाल्हेरच्या अकादमीत. देशभरातल्या शिक्षिका ज्या गावात शिकायला येतात, त्याच गावातली ही तुकडी मात्र केअरटेकरवर चालली होती. जुन्या एएनओ मॅडम निवृत्त झाल्या होत्या आणि विज्ञानाच्या मॅडमकडे हे काम 'तूर्तास' म्हणून आलं होतं. शाळेतलं 'तूर्तास' किती लांबतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

अनंत चतुर्दशीची संध्याकाळ

जानेवारीतल्या आकड्यांची लक्षणं सप्टेंबरातच दिसली होती. शाळेजवळच्या चौकात निर्माल्य गोळा करण्याचं काम तुकडीने घेतलं होतं. चार ते सात अशी वेळ, २० मुली, एक टेबल, दोन ड्रम, ३० पोती. लष्करच्या गल्ल्यांत गणपती घरोघरी असतात, त्यामुळे सामान भरपूर येणार हे माहीत होतं.

मुली वेळेवर आल्या. टेबलामागे दोन ओळींत विश्राममध्ये उभ्या राहिल्या. पावलांत १२ इंचांचं अंतर, हात मागे, नजर समोर. आणि तशाच उभ्या राहिल्या. पहिल्या काकूंनी हार, केळीची पानं, नारळ आणि थर्माकोलचं मखर असं सगळं एकाच पिशवीत दिलं, तेव्हा कोणीच पुढे होईना. 'मॅडमना विचारू का?' असं तिघींनी एकमेकींना विचारलं. मॅडम चौकाच्या पलीकडे मंडपवाल्याशी बोलत होत्या. पुढच्या तीन तासांत त्यांना अशा चाळीसेक गोष्टी विचारल्या गेल्या असतील : नारळ कुठे ठेवायचा, पोतं भरलं, पोतं फाटलं, एक आजोबा मूर्तीच ठेवून गेले, पाणी प्यायला जाऊ का.

कामातही चुका झाल्या. ओलं निर्माल्य वजनाला फसवं असतं. पोतं काठोकाठ भरलं की तेरा वर्षांच्या दोन मुलींना उचलत नाही आणि ओढलं की तळ फाटतो. एक तृतीयांश भरून तोंड बांधायचं असतं. हारांतला दोरा आणि जरी वेगळी काढायला कात्री लागते, ती नव्हती. हातमोजे नव्हते. टाचण्या होत्या, त्या दोघींच्या बोटात गेल्या. सातला अंधार पडला, कचरागाडी आली नाही आणि नऊ पालक चौकात येऊन उभे राहिले. त्या नऊ घरांतल्या चार मुली पुढच्या शनिवारी आल्याच नाहीत.

सगळ्यांनी तेव्हा नियोजन कच्चं होतं असा निष्कर्ष काढला. ते कच्चं होतंच. पण त्या २० मुलींत दोन सार्जंट, चार कॉर्पोरल आणि पाच लान्स कॉर्पोरल होत्या. खांद्या-दंडावर पट्ट्या असलेल्या ११ मुली आणि निर्णय घेणारी एकही नाही, याचं उत्तर नियोजनात सापडत नाही.

खोट कुठे होती

कवायत शिकताना पहिल्या काही दिवसांत एक हुकूम येतो : लंबा दाहिने, छोटा बाएं, एक लाइन में कदवार खड़े हो. कदवार म्हणजे उंचीच्या क्रमाने. मग गिनती, विषम एक पाऊल पुढे, सम एक पाऊल मागे, आणि वळून तीन ओळी. याचा परिणाम असा की सगळ्यात उंच मुली दोन्ही टोकांना येतात आणि ठेंगण्या मधोमध. लांबून बघताना तुकडीची वरची कड एकसारखी उतरत जाते. प्रदर्शनासाठी ही रचना उत्तम आहे, तिच्यात वाईट काही नाही.

या शाळेत ती रोजची झाली होती. प्रत्येक शनिवारी फॉल-इन (रांगेत येऊन उभं राहणं) कदवार, हजेरी कदवार, मैदानात शिकणं कदवार, अल्पोपहाराची रांगही कदवार. कागदावर पाच सेक्शन होते, प्रत्येकी दहा मुली, एक सेक्शन कमांडर, एक तिची दुय्यम. पण कदवार उभं राहिलं की सेक्शन विरघळतो. तिसऱ्या सेक्शनची कमांडर उजव्या टोकाला आणि तिच्या दहा मुली तीन ओळींत विखुरलेल्या. दोन वर्षांत तिने आपला सेक्शन एकदाही एकत्र पाहिलेला नव्हता. तिला नावं विचारली तर दहापैकी सहा आली.

दुसरी बाजू आणखी वाईट. आठवीतल्या नव्या मुली बहुतेक ठेंगण्या. त्या कायम मधल्या ओळीच्या मध्यभागी. उस्तादांना दिसत नाहीत, मॅडमना दिसत नाहीत, त्यांची नावं कोणी घेत नाही. त्या न आल्या तर ओळ फक्त थोडी आवळून घ्यायची. गैरहजर राहायला याहून सोयीची जागा नाही.

पट्ट्या देण्याची रीतही कदवारच्याच जातीची होती. ज्यांची कवायत चांगली किंवा ज्यांचे गुण चांगले त्यांना रँक. म्हणजे पट्टी हे बक्षीस होतं. बक्षिसाला कामाची जोड नसते, ते मिरवायचं असतं. सार्जंट काय करते, असं विचारल्यावर एक मुलगी प्रामाणिकपणे म्हणाली, 'ती पुढे उभी राहते.'

जुलैपासून केलेले बदल

हजेरीपासून सुरुवात झाली, कारण तिथेच दर शनिवारी १२ मिनिटं जात होती. मॅडम ५० नावं वाचत आणि मुली 'यस मॅडम' म्हणत. आता फॉल-इन सेक्शनप्रमाणे व्हायला लागलं, एकामागे एक अशा पाच रांगा, प्रत्येकीच्या पुढे तिची कमांडर. तिने आपल्या मुली मोजायच्या आणि एका वाक्यात रिपोर्ट द्यायचा : नफरी (एकूण संख्या) दहा, हाजिर आठ, एक आजारी, एक बिनाखबर. पाच रिपोर्टांना दोन मिनिटं पुरतात.

खरा फरक 'बिनाखबर' या शब्दाने पडला. जिची खबर नाही तिच्या घरी त्याच संध्याकाळी सेक्शन कमांडरने फोन करायचा किंवा जवळ असेल तर जाऊन यायचं. रागवायचं नाही, कारण विचारायचं आणि वहीत लिहायचं. दोन महिन्यांत वहीत जे जमलं ते आधीच्या दोन वर्षांच्या रजिस्टरात नव्हतं, कारण रजिस्टरात फक्त 'गै' असं एक अक्षर असतं.

गणिताचा क्लास शनिवारी दुपारी असतो, हे कारण अपेक्षित होतं. बूट लहान झाले, हे अपेक्षित नव्हतं. तेराव्या वर्षी घेतलेला बूट चौदाव्या वर्षी बसत नाही, आईवडिलांना पुन्हा खर्च सांगायची मुलीला लाज वाटते, मग ती पोट दुखतं म्हणून सांगते. त्यावर शाळेत बूट-अदलाबदलीची पेटी सुरू झाली आणि एका महिन्यात सात जोड्या फिरल्या. तिसरं कारण कोणीच मोठ्याने बोलत नव्हतं. शनिवारी शाळा लवकर सुटली की शिपाई स्वच्छतागृहाला कुलूप लावून जायचा. पाळीच्या दिवसांत मुली परेडला येणार कशा? किल्ली सामान सांभाळणाऱ्या क्वार्टर मास्टर सार्जंट मुलीच्या ताब्यात आली आणि तिच्या पेटीत पॅडचं पाकीट ठेवायला लागले. सगळ्या बदलांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक हाच ठरला.

हजेरीचा हिशेबही मुलींना फळ्यावर मांडून दाखवला. सुट्ट्या आणि परीक्षा वजा जाता वर्षात परेडचे २९ शनिवार धरले तर दोन वर्षांचे ५८. चौदा चुकले तर हजेरी ७५.९ टक्के, पंधरावा चुकला की ७४.१. आठवीत नऊ शनिवार सहज उडवले तर नववीत पाचच उरतात आणि नववीच्या परीक्षा तर पुढे असतात. हे गणित फेब्रुवारीत कळून उपयोग नाही, जुलैत कळायला हवं. प्रत्येक कमांडरच्या वहीत आता प्रत्येकीपुढे 'उरलेले' शनिवार असा एक रकाना आहे.

कामं वाटून दिली, आणि वाटताना मॅडमनी एक पथ्य पाळलं : काम दिलं की त्यातला निर्णयही द्यायचा. अल्पोपहार पहिल्या सेक्शनकडे, मैदान आखणं दुसऱ्याकडे, पाणी आणि प्रथमोपचार तिसऱ्याकडे, असं महिन्याने फिरत. अल्पोपहाराच्या रांगेत सगळ्यात नवी मुलगी आधी आणि कमांडर शेवटी. कचोरी कमी पडली तर ती कमांडरला कमी पडते. मोजणी एकदाच चुकली.

काम सांगण्याची रीत बदलायला मात्र वेळ लागला. फौजेत सूचना संपल्यावर 'कोई शक?' विचारतात आणि समोरून ठरलेलं 'नहीं' येतं. मुलीही तेच शिकल्या होत्या. त्याऐवजी पाच गोष्टी सांगायच्या : परिस्थिती काय आहे, काय साधायचं आहे, कोणी काय करायचं, सामान कुठून मिळेल आणि अडलं तर कोणाला विचारायचं. मग शक न विचारता सेक्शनमधल्या सर्वांत लहान मुलीला सगळं परत सांगायला लावायचं. ती अडखळली तर चूक सांगणारीची. हे सुरुवातीला बालिश वाटतं, पण तीन-चार वेळा झालं की सांगणारी आपोआप कमी आणि नेमकं बोलायला लागते.

भाषेची एक गंमत इथे नोंदवायला हवी. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि हुकूम फौजी हिंदीत, असं या मुलींचं तिहेरी आयुष्य. 'पीछे मुड' खणखणीत देणारी मुलगी सेक्शनला काम समजावताना मराठीत शिरायची आणि सेक्शनमधल्या तीन बिगरमराठी मुली मागे पडायच्या. ते त्यांनी स्वतःच ओळखलं आणि कामाच्या सूचना हिंदीतच असं ठरवून घेतलं.

कवायतीतही नववीच्या मुली शिकवू लागल्या. उस्ताद आधी पूर्ण नमुना दाखवत, मग बयानासकट (तोंडी वर्णनासकट) नमुना, मग गिनतीने तोडून सराव. हीच पायरी एका आठवीच्या मुलीवर नववीच्या मुलीने करायची. शिकवायला लागल्यावर त्यांना चुका दिसू लागल्या : सावधानमध्ये पंजांत ३० अंशांचा कोन न राहता पाय समांतर होणं, चालताना कोपर वाकणं, घाबरलेल्या मुलीचा उजवा हात उजव्याच पायाबरोबर पुढे जाणं. शेवटच्या चुकीवर 'नीट चाल' म्हणून ओरडण्याचा उपयोग नसतो, त्याने ती जास्तच आखडते. तिला दहा पावलं साधं चालू द्यायचं, हात आपोआप सुटतात, मग हळूहळू वेग परेडच्या चालीवर न्यायचा.

चक्कर येण्याचं कारणही त्यांना समजावून दिलं. ग्वाल्हेरचा उन्हाळा ४५ अंशांची बात करतो, जुलै-सप्टेंबरचा दमटपणा वेगळाच. पण मुली पडतात त्या बहुतेक वेळा नुसत्या उन्हाने नाही. गुडघे ताठ आवळून निश्चल उभं राहिलं की रक्त पायांत साठतं, आणि त्यात सकाळी पोटात काही नसतं. उभ्या-उभ्या बुटातल्या बुटात बोटं हलवायची, गुडघा कणभर सैल ठेवायचा, परेडआधी चपाती खाऊन यायचं. पडलेल्या मुलीला उठवून बसवायची घाई करायची नाही, सावलीत आडवी ठेवून पाय उंच करायचे.

बदलांचं काय बिघडलं

दोन गोष्टी चांगल्याच बिघडल्या. ऑगस्टच्या अखेरीस चौथ्या सेक्शनच्या कमांडरने उशिरा आलेल्या तिघींना भर दुपारी मैदानाच्या पाच फेऱ्या मारायला लावल्या. एकीला उलटी झाली. मुलीचे वडील शाळेत आले आणि त्यांचं बरोबर होतं. शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम १७ने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई केलेली आहे, आणि खाकी घातली म्हणून त्यातून सूट मिळत नाही. हाती अधिकार दिला, पण त्याची कड कुठे संपते ते सांगितलं नव्हतं, ही चूक मॅडमची. त्यानंतर नियम झाला : कमांडरने शिक्षा द्यायची नाही, नोंद करायची. धावायचं असेल तर ती सगळ्यात पुढे धावेल. त्या कमांडरची पट्टी काढून घेतली नाही, महिनाभर तिला प्रथमोपचाराच्या कामावर ठेवलं. यावर स्टाफरूममध्ये मतभेद झाले. पट्टी काढायला हवी होती असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा फेकून देण्यासारखा नाही, पण काढली असती तर पट्टी हे बक्षीसच आहे हे पुन्हा सिद्ध झालं असतं.

दुसरं, कवायत घसरली. सेक्शनप्रमाणे उभी राहिलेली तुकडी दात पडल्यासारखी दिसते, असं उस्ताद म्हणत आणि ते खोटं नव्हतं. शेवटी तडजोड ठरली : ध्वजवंदनाच्या आधीचे तीन शनिवार कदवार, बाकी वर्षभर सेक्शन. त्या वर्षी कवायतीची ढाल दुसऱ्या शाळेत गेली. मुख्याध्यापिका बाईंना हे पचायला जड गेलं, कारण ढाल कपाटात दिसते आणि बिनाखबर वही दिसत नाही.

शिबिराचं निराळं. 'ए' सर्टिफिकेटला एक वार्षिक शिबिर लागतं, दहा दिवसांचं, आणि मुलीला दहा रात्री बाहेर पाठवायला घरं तयार नसतात. आधी पालकसभेत हवालदारसाहेब शिस्तीवर बोलायचे. या वेळी मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मुलीच्या आईने बोलावं असं ठरलं. तिला विचारलेले प्रश्न शिस्तीचे नव्हते. आंघोळीला दार आहे का? रात्री मुलींच्या बराकीत कोण असतं? फोन किती वाजता करू देतात? उत्तरं मिळाल्यावर चार घरांचा नकार फिरला, दोन घरांचा नाही. सामानाची यादीही मुलींनीच सुधारली : ताट आणि मग, मच्छरदाणी, टॉर्च, पेटीला दोन किल्ल्यांचं कुलूप, प्रत्येक कपड्यावर नाव, दहा दिवसांचे पॅड. नवे बूट शिबिरात पहिल्यांदा घालायचे नाहीत. दोन आठवडे घरी वापरून पायाला सरावलेले हवेत, नाहीतर तिसऱ्या दिवशी टाचेला फोड येतो आणि उरलेले सात दिवस मुलगी कडेला बसून काढते.

पुढच्या जानेवारीत नववीच्या २३ मुलींपैकी १९ जणींची नावं परीक्षेला गेली. उरलेल्या चौघींत दोघी शिबिराअभावी, एक गाव सोडून गेली, आणि एकीचं कारण वहीत तीन वेळा 'नंतर सांगते' असंच आहे.

त्याआधी सप्टेंबरात निर्माल्याचं टेबल पुन्हा लागलं होतं. या वेळी दोन सेक्शन, कात्र्या, हातमोजे आणि वेळ साडेतीन ते सहा. मॅडम शाळेत थांबल्या, चौकात गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्या सेक्शनची वही उघडली. कमांडरच्या अक्षरात लिहिलं होतं : 'पावणेसहाला वीज गेली म्हणून टेबल बंद केलं. एक मूर्ती आली होती, शेजारच्या मंडळाच्या काकांकडे सोपवली, त्यांचं नाव मागे लिहिलं आहे. गाडी आली नाही. ११ पोती ताडपत्रीखाली. सकाळी सहाला मी आणि आठवीतली एक येतो. गाडीवाल्याचा नंबर घ्यायचा राहिला.'